शोध घेतल्याचा तपशील

माझी बायको घर सोडून गेली हे मला चौथ्या दिवशी कळलं.

हे वाक्य मी आता न अडखळता म्हणू शकतो, कारण वकीलबाईंनी ते माझ्याकडून निदान दहा वेळा म्हणवून घेतलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"चौथ्या दिवशी? म्हणजे तुम्ही बाहेरगावी होता?"

"नाही. घरीच होतो."

त्यांनी पेन परत उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

त्यांना समजावं म्हणून मी आमच्या घराचं वेळापत्रक सांगितलं. मी कवळ्या करतो. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येतात, मी त्यांचे प्लास्टरचे साचे ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकचकीत करून परत पाठवतो. आमच्या भागात मला सगळे कवळीमास्तर म्हणतात. बायको सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची. ती पहाटे पाचला घराबाहेर पडायची, मी आठला उठायचो. मी संध्याकाळी आठला घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. तिच्या गजराने माझी झोप मोडते म्हणून खोल्याही वेगळ्या केलेल्या. रविवारी माझी सुट्टी, तर तलावावर त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी. थोडक्यात, आमचा संसार फ्रिजच्या दारावर चालायचा. ती चिठ्ठी लावायची, मी वाचायचो, वस्तू आणायचो.

त्या दिवशीच्या चिठ्ठीत पहिली ओळ होती, 'साबण संपलाय.' दुसरी, 'बटाटे.' तिसरी, 'बाथरूमचा बल्ब.' मी कागद घडी घालून खिशात टाकला. साबण आणला, बटाटे आणले, बल्ब आणला आणि स्टुलावर चढून लावलासुद्धा. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. त्यानंतर तीन दिवस घरी आलो की तिच्या बंद दारासमोरून मी चवड्यांवर चालायचो, तिची झोप मोडू नये म्हणून. रिकाम्या खोलीची इतकी काळजी कुणी घेतली नसेल.

चौथ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना खिशातून कागद निघाला. घडीच्या खालच्या बाजूला अजून तीन ओळी होत्या.

'मी जातेय. किल्ली मीटरवर ठेवलीय. शोधू नकोस.'

मीटरवर हात फिरवून पाहिला. किल्लीवर तीन दिवसांची धूळ बसली होती.

आणि मी शोधलं नाही. लग्नाच्या चौदा वर्षांत तिने सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असेल, जी मी दुसऱ्यांदा सांगायला न लावता ऐकली.

लोकांना काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, ती ट्रेनिंगला गेलीय. सहा महिन्यांनी सांगितलं, तिकडेच नेमणूक झाली. एकदा थाप मारली की तिला वाढवावी लागते. थापेचं पोट सतत रिकामं असतं. अकरा वर्षांत मी माझ्या बायकोला दोन बढत्या दिल्या. शेवटी ती बारा तलावांची प्रमुख होती आणि तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती. शेजारीपाजारी कौतुकाने विचारायचे, आणि खरं सांगतो, मलाही तिचा अभिमान वाटायला लागला होता.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण माझ्या वर्कशॉपपासून तिसरं दुकान फ्रेमवालीचं आहे.

ती लाकडाच्या फ्रेमा करते. तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तिच्याकडे आजोबांची कवळी घेऊन आलं होतं, काचेच्या पेटीत बसवून भिंतीवर टांगायला. ती कवळी कशी स्वच्छ करायची हे विचारायला फ्रेमवाली माझ्याकडे आली. मी कवळी हातात घेऊन म्हटलं, "हे आजोबा डाव्या बाजूने चावायचे आणि पाइप ओढायचे." ती म्हणाली, "तुम्ही माणसापेक्षा त्याचे दात जास्त बघता वाटतं." मला ती स्तुती वाटली. त्या दिवसापासून दुपारचा चहा तिच्या काउंटरवर सुरू झाला.

एके दिवशी पुठ्ठ्याची पट्टी कापता कापता, मान वर न करता ती म्हणाली, "अहो मास्तर, आपण लग्न करायचं का?"

"माझं झालंय," मी म्हटलं.

"ते माहीत आहे. बाईसाहेब आता कुठल्या हुद्द्यावर आहेत?"

मी तिसऱ्या बढतीचा विचार करत होतो. पण तिच्या हातात धारदार पातं होतं, आणि तिचा आवाज असा होता की मी सगळं खरं सांगून टाकलं. साबण, बटाटे, बल्ब, चवडे, सगळं. ती इतकी हसली की तिला पातं बाजूला ठेवावं लागलं. मग हसू एकदम थांबलं.

"तुम्ही तिला शोधलंच नाही?"

"तिने नको म्हणून लिहिलं होतं ना."

"माणूस असं लिहितं, मास्तर. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते वाचणाऱ्याने बघायचं असतं." तिने डोळे पुसले. हसण्याने आलेलं पाणी होतं की दुसरं, मला कळलं नाही. मला कळणारही नव्हतं. "आता एक करा. कायद्याने जे काय असेल ते निस्तरा. अर्धवट काम टाकून बसलेल्या माणसाशी मी लग्न करत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला अर्धी कवळी देता का?"

"देतो की. अर्धी कवळी असतेच."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा तसाच सोडून वकिलाचा पत्ता विचारायला गेलो.

वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांच्या समोरचे दोन दात किंचित पुढे होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. शिकतोय मी. त्यांनी समजावलं की जोडीदार सापडत नसेल तरी घटस्फोट मिळतो. मात्र मनापासून शोध घेतला आणि तरी पत्ता लागला नाही, हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं. मग वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, मुदत संपेपर्यंत थांबायचं, आणि तरीही कुणी आलं नाही तर न्यायाधीश समोरच्याच्या गैरहजेरीत निकाल देतात. त्यांनी एक फॉर्म माझ्याकडे सरकवला. त्यात 'शोध घेतल्याचा तपशील' असा रकाना होता आणि त्याखाली आठ रिकाम्या ओळी.

"पहिल्या ओळीत काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मी ओळी परत मोजल्या. आठच होत्या.

"फोन केला होता?"

"केला होता. बंद होता."

"कधी केला होता?"

"सहाव्या वर्षी."

वकीलबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती. "मास्तर, तुम्हाला आता शोधावं लागेल."

"आणि सापडली तर?"

"तर तिची सही घेऊ, काम सोपं होईल. नाही सापडली तर शोधलं म्हणून सांगू. पण दोन्हीसाठी आधी शोधायला लागतं." मग त्यांनी नोटीशीसाठी वर्णन विचारलं. उंची? मध्यम, मी म्हटलं. रंग? मध्यम. केस? होते. वकीलबाईंचा चेहरा बघून मी घाईघाईने म्हणालो, "वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला आहे. खालच्या दोन दातांमध्ये बारीक फट. दाढा उत्तम."

"नोटीशीत दाढा छापायच्या?"

"तेवढंच मी खात्रीने सांगू शकतो."

असा मी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, अकरा वर्षं उशिरा, बायकोला शोधायला निघालो.

पहिल्यांदा तलावावर गेलो. तिथे मुख्य शिक्षिका म्हणून एक रुंद खांद्यांची, शिट्टी गळ्यात अडकवलेली बाई होती. ती माझ्या बायकोबरोबर सुरुवातीपासून कामाला होती. मी माझी ओळख करून दिली. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, जणू मला पाण्यात ढकलायचं की नाही हे ठरवत होती.

"तुम्हाला ओळखते मी," ती म्हणाली. "निरोप समारंभाला आला होतात की."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? तिच्या!"

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय. ती मला ऑफिसात घेऊन गेली. भिंतीवर फोटोंची रांग होती. एका फोटोत माझी बायको मधोमध, गळ्यात हार, हातात फुलांचा गुच्छ, भोवती ओल्या केसांची पोरं. आणि तिच्या शेजारी, तोंडात घास कोंबून, डोळे अर्धवट मिटलेला एक माणूस. तो मी होतो.

मग हळूहळू आठवलं. शनिवारी तलावावर ये, छोटा कार्यक्रम आहे, अशी चिठ्ठी होती. मी गेलो होतो. कार्यक्रम तलावाच्या वर्धापनदिनाचा असावा असं मी धरून चाललो. केक चांगला होता. दोन तुकडे खाल्ले. एका दवाखान्याला कवळी पोचवायची होती म्हणून भाषणं सुरू व्हायच्या आत निघालो.

"तिने भाषणात तुमचे आभार मानले होते," मुख्य शिक्षिका म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी मागे वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. ती हसली आणि म्हणाली, असू दे."

त्या ऑफिसात क्लोरिनचा वास होता. मी म्हटलं, क्लोरिनमुळे डोळे चुरचुरतात. ती म्हणाली, हो, नवीन माणसाचे चुरचुरतात.

तिच्याकडून मला आणखी बरंच कळलं. माझी बायको पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवण्यात पटाईत होती. साठीच्या बायका तिच्या हाताला धरून पहिल्यांदा पाण्यावर तरंगल्या होत्या. तिने एकदा मोठं सरोवर एका दमात पार केलं होतं आणि वर्तमानपत्रात बातमी आली होती. मी म्हटलं, मला बोलली नाही. मुख्य शिक्षिकेने विचारलं, "तुम्ही फ्रिजवर बघितलं होतं का?" म्हणजे फ्रिजची गोष्ट तलावावर सगळ्यांना माहीत होती.

ती कुठे गेली हे मात्र तिला माहीत नव्हतं. समुद्राकाठच्या कुठल्यातरी बंदराच्या गावी पोहण्याची शाळा निघणार आहे, इतकंच ती बोलली होती. वकीलबाईंच्या फॉर्मवर पहिली ओळ भरली. मला वाटलं होतं, ओळ भरली की बरं वाटेल.

दुसऱ्या ओळीसाठी मेहुण्याकडे जायचं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याची लाँड्री आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बसेस बदलून गेलो. तो इस्त्री करत होता. मला पाहून त्याने इस्त्री उभी केली, वाफेचं बटण बंद केलं, हात पुसले, आणि काउंटरच्या बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. पूर्वी तो मला भावजी म्हणायचा. आज नुसतंच, "आलात?"

"आलो."

"अकरा वर्षं मी वाट बघतोय, तुम्ही कधी येता आणि मी तुम्हाला कधी हाकलून देतो याची. सगळं बोलणं तयार ठेवलं होतं. आंघोळ करताना म्हणून बघायचो." त्याने श्वास घेतला. "पहिलं वाक्य असं होतं की..." तो थांबला. छताकडे पाहिलं. "पहिलं वाक्य जबरदस्त होतं हो."

मी वाट पाहिली. त्याला आठवायला मदत करावी असंही वाटलं, पण ते बरं दिसलं नसतं.

"जाऊ द्या," तो शेवटी म्हणाला. "मुद्दा असा होता की तुम्ही माणूस नाही. बसा."

मी बसलो. त्याने चहा मागवला. मग कळलं की त्यालाही तिचा पत्ता माहीत नव्हता. गेल्यावर दोन वर्षं तिची पत्रं यायची, वर पत्ता नसायचा, शिक्का बंदराच्या गावाचा. मग भावाबहिणीचं फोनवर भांडण झालं. तो तिला म्हणाला होता की नवरा सोडून अशी जातेस, लोकांना आम्ही काय सांगायचं. ती म्हणाली, लोकांना माझा नंबर देऊ नकोस म्हणजे झालं. आणि नंबर बदलला. तेव्हापासून काही नाही.

"म्हणजे माझी बाजू घेतल्यामुळे तुमचं भांडण झालं?" मी विचारलं.

"हो. आणि ज्याची बाजू घेतली तो माणूस साधा विचारायलाही आला नाही. म्हणून तर ते भाषण तयार केलं होतं."

या माणसाने माझ्यासाठी बहीण गमावली होती आणि मला पत्ताच नव्हता. काय बोलावं सुचेनासं झालं की मी दातांवर येतो. फॉर्ममधलं वर्णन मी त्याला वाचून दाखवलं, म्हटलं, निदान सुळ्याचं तरी बरोबर आहे ना.

"उजवा," तो म्हणाला.

"डावा. मी दातांचं काम करतो."

"तिचा उजवा. डावा माझा." त्याने ओठ वर करून दाखवला. वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला. "लहानपणी जेवायला समोरासमोर बसायचो तर आई म्हणायची, पोरं नाहीत, आरसा आहे."

चौदा वर्षं समोरून पाहिलेला दात मी चुकीच्या बाजूला लावला होता. अशी कवळी मी गिऱ्हाइकाला दिली असती तर धंदा बंद करावा लागला असता. मी पेन काढून 'डावा' खोडलं आणि 'उजवा' लिहिलं. मेहुणा ते बघत होता. माझी लाज बघून त्याचा राग थोडा निवळला असावा, कारण निघताना त्याने स्वतःहून विचारलं, "कोर्टाची तारीख कधी आहे?"

आणखी चार ओळी भरायला दोन महिने गेले. बंदराच्या गावाला जाऊन आलो. पोहण्याची शाळा होती, पण ती सात वर्षांपूर्वी बंद पडून तिथे जाळी विकण्याचं दुकान झालं होतं. पोस्टात विचारलं, नगर कचेरीत विचारलं, तिथल्या दोन दवाखान्यांत विचारलं. दातांच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "असा सुळा असलेली एक पेशंट यायची खरी. पण ती विधवा होती." मी म्हटलं, "ती तसं सांगत असेल. तो मेलेला नवरा मीच." बाईंनी माझ्याकडे जरा घाबरून पाहिलं. पण ती पेशंटही यायची थांबून बरीच वर्षं झाली होती. मी धक्क्यावर बसून समुद्र बघितला. माझ्या थापेत मी तिला बारा तलाव दिले होते. समुद्राचं डोक्यात आलं नव्हतं.

नोटीस छापून आली. वकीलबाईंनी दाढा काढून टाकल्या होत्या, सुळा ठेवला होता. त्यानंतर मला तीन फोन आले. पहिला एका दंतवैद्याचा, हसत होता, ओळखीचाच होता. दुसरा शेजाऱ्यांचा, त्यांना बारा तलावांचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. तिसरा फोन एका अनोळखी बाईचा होता. ती म्हणाली, "मी ती नाही. पण कुणीतरी शोधतंय हे वाचून बरं वाटलं, एवढंच सांगायचं होतं." मी तिला, मला शोधायला कायद्याने लावलंय, असं सांगणार होतो. नाही सांगितलं.

मुदत संपली आणि तारीख आली. न्यायाधीश वयस्कर बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कोर्टात फ्रेमवाली मागच्या बाकावर बसली होती. आणि तिच्या दोन जागा सोडून, इस्त्रीचा कडक शर्ट घालून, मेहुणा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"अकरा वर्षांत तुम्ही पत्नीचा शोध का घेतला नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तिने तसं लिहून ठेवलं होतं."

"चिठ्ठी आहे?"

होती. वकीलबाईंनी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुढे केली. न्यायाधीशांनी चष्मा सरळ केला आणि नोंदीसाठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "साबण संपलाय. बटाटे. बाथरूमचा बल्ब." कोर्टात कुणीतरी खोकलं. टंकलेखिकेची बोटं थांबली. "हे सगळं घ्यायचं?" तिने विचारलं. "घ्या," न्यायाधीश म्हणाल्या आणि उरलेल्या तीन ओळी वाचल्या. त्या वाचताना त्यांचा आवाज थोडा खाली आला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "यातलं काय काय केलंत?"

"साबण, बटाटे आणि बल्ब. आणि शेवटची ओळ. शेवटची जरा जास्तच केली."

मागून हसू आलं. फ्रेमवालीचं होतं, मी ओळखलं. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म उलटा-सुलटा केला, बंदराच्या गावचे दाखले पाहिले, आणि म्हणाल्या, "शोध उशिरा घेतला आहे, पण घेतला आहे." मग त्यांनी शिपायाला खूण केली.

हे मला वकीलबाईंनी आधी सांगितलेलं नव्हतं. गैरहजर माणसाला शेवटचं बोलवायची पद्धत असते. शिपाई दारात गेला आणि कॉरिडॉरमध्ये तोंड करून त्याने माझ्या बायकोचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. तिचं, मग माझं, मग आडनाव. "हजर आहेत का?"

अकरा वर्षांत ते नाव माझ्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. थाप मारतानासुद्धा मी 'ती' म्हणायचो, नाहीतर 'आमच्या बाई'. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. कॉरिडॉरमधली बडबड थांबली. मी दाराकडे बघत होतो. बाकावरची एक बाई उठली, पण ती नळाकडे गेली, बाटली भरायला. तिसऱ्यांदा पुकारलं. मला आत्ता, तिथे, त्या क्षणाला ती यायला हवी होती. परत नांदायला नव्हे. नुसती दारातून आत यावी आणि मी ती आल्याचं पहिल्यांदा बघावं, इतकंच.

शिपाई परत आला. "कुणी नाही, मॅडम."

न्यायाधीशांनी सही केली. सही व्हायला चार सेकंद लागले.

बाहेर पायऱ्यांवर मी उभा राहिलो. फ्रेमवाली शेजारी येऊन उभी राहिली. मेहुणा आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काय करतोय हे लक्षात आल्यासारखा काढून घेतला. "चहा पिऊ या का, भावजी?" तो म्हणाला. कायद्याने नातं संपून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर दीड महिन्याने, भर दुपारी, तो वर्कशॉपमध्ये आला. मी मेणात दाढा बसवत होतो. तो स्टुलावर बसला, साच्यांची रांग बघत राहिला, आणि म्हणाला, "तिचा फोन आला होता."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

नोटीशीचं कात्रण कुणीतरी तिला दाखवलं होतं. ती आता एका बेटावर असते, मुलांना आणि म्हाताऱ्यांना पोहायला शिकवते. तब्येत छान आहे. बहीणभाऊ तासभर बोलले आणि दोघंही रडले. हे सांगताना तो परत रडला, मग माझ्या कामाच्या फडक्याने डोळे पुसले आणि प्लास्टरने पांढरा झाला.

"घटस्फोटाला तिची हरकत नाही. उलट म्हणाली, सुटले." तो जरा अडखळला. "पत्ता तुम्हाला देऊ नको म्हणाली."

"मी मागितला नाही."

"तेच म्हणाली ती. तो मागणार नाही म्हणाली."

मी चिमटा खाली ठेवला. हे लागलं, आणि बरोबर जागी लागलं. मग मी विचारलं, "ती हसते का अजून? म्हणजे, बोलताना."

"हसते. खूप हसली. नोटीशीत सुळा बघून तर हसून हसून बेजार झाली. म्हणाली, त्याला कसं कळलं की उजवा?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याने नीट बघितला होता." मेहुणा उठला. "एवढं खोटं मी बोललो. तुमच्याकडूनच शिकलो."

वसंतात फ्रेमवालीने आणि मी नोंदणी कचेरीत लग्न केलं. तिच्या बाजूने तिची मैत्रीण साक्षीदार होती. माझ्याकडून कुणाला आणावं हा प्रश्न होता. शेजारी बढत्यांच्या प्रकरणापासून माझ्यावर रागावलेले होते. दवाखानेवाले नुसते फोनवर ओळखतात. शेवटी मी लाँड्रीत फोन केला. तो दोन तास आधी येऊन कचेरीच्या बाहेर उभा होता.

कारकुनाने माझ्या साक्षीदाराचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमचं वराशी नातं?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मेहुणा," तो म्हणाला.

कारकून खूश झाला. "म्हणजे वधूचे भाऊ?"

"नाही," फ्रेमवाली म्हणाली, "पहिल्या बायकोचे."

कारकुनाने पेन टेबलावर ठेवलं, आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "रकान्यात नक्की काय लिहू?"

मेहुण्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मेहुणाच लिहा. मी बदलणार नाही." फ्रेमवाली हसायला लागली, आणि तिचं हसू बघत मी माझ्या नावापुढे सही करायची विसरून गेलो. कारकुनाला ती दोनदा मागावी लागली.